फोन खिशात, मग हँडलवर काय?

प्रश्न : मी साखळीला राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ४८. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी व्यायाम सुरू करायला सांगितला तेव्हापासून सायकल चालवते. रविवारी आमचा चार-पाच जणांचा गट डिचोली, मये करत चोडणला जातो, फेरीबोटीने रायबंदरला उतरतो आणि पणजीत नाश्ता करून परततो. हँडलला क्लॅम्प लावून त्यात मोबाइल बसवते आणि ॲपवर नोंद ठेवते. पावसाळ्यात मात्र फार पंचाईत झाली. स्क्रीनवर थेंब पडले की पानं आपोआप सरकतात, एकदा तर नोंद मध्येच थांबली. शिवाय माझे आणि मैत्रिणीचे चढाईचे आकडे कधीच जुळत नाहीत. रस्ता तोच, सायकली शेजारी शेजारी, आणि तिच्याकडे माझ्या दीडपट चढ! नोव्हेंबरात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायचा विचार आहे. गटातले म्हणतात, आता जीपीएसवाला सायकल कॉम्प्युटर घेच. आमचे हे म्हणतात, एवढा चांगला फोन असताना आणखी एक डबी कशाला? मला दोघांचंही पटतं. काय करू?

उत्तर : ताई, आधी हँडलवरचा तो क्लॅम्प काढा. कॉम्प्युटर घ्यायचा की नाही ते पुढे बघू, पण फोनची जागा हँडलवर नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फोंड्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकान उघडायच्या आधी मी स्वतः सायकलवर असतो. पावसाळ्यात भिजलेला फोन टेबलावर आला की मी पहिल्यांदा बघतो ते चार्जिंगचं तोंड. टाइप-सीच्या तोंडात मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक सोनेरी पट्ट्या. भिंगाखाली धरलं की त्यातल्या एक-दोन पट्ट्या काळ्या-हिरव्या पडलेल्या दिसतात, बाकीच्या अजून चकचकीत असतात. काळ्या पडतात त्या बहुतेक वेळा वीज वाहून नेणाऱ्या. ओल्या तोंडात चार्जर खुपसला की पाणी आणि वीज मिळून तिथला धातू खातात, आणि पाण्यात मीठ असेल, मग ते मिरामारच्या वाऱ्याचं असो की घामाचं, तर फारच लवकर. गिऱ्हाईक सांगतं, "फोन वॉटरप्रूफ आहे हो!" तो होता. खोक्यावरचा आकडा नव्या फोनचा, गोड्या पाण्यातल्या चाचणीचा असतो. एकदा स्क्रीन बदलली, फोन दोनदा हातातून पडला, की कडेचं ते डिंकाचं सील पहिल्यासारखं राहत नाही.

पानं आपोआप सरकतात त्याचं कारणही पाणीच. टचस्क्रीन बोटाचा दाब ओळखत नाही. बोट जवळ आल्यावर काचेखालच्या विद्युतभारात होणारा बदल ओळखते. थेंबानेही तसाच बदल होतो, म्हणून फोनला वाटतं कोणीतरी बोट फिरवतंय. तुमची नोंद एखाद्या थेंबानेच थांबवली असणार.

पाऊस नसेल तेव्हा ऊन छळतं. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन वाचायची तर उजेड पूर्ण वाढवावा लागतो. त्यात फोन तापतो, तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच उजेड कमी करतो, आणि दुपारपर्यंत बॅटरी तळाला. आमच्या रस्त्यांचे हादरे वेगळेच. ॲपलने २०२१ मध्ये ग्राहकांना सावध केलं होतं की मोटारसायकलच्या इंजिनाच्या सततच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ते मोटारसायकलबद्दल होतं हे खरं, पण महागड्या कॅमेऱ्याचा फोन खड्ड्यांवरून कडक क्लॅम्पमध्ये आदळत न्यायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे अडचणीत तोच फोन लागतो. चेन तुटली, कोणी पडलं, चक्कर आली, तर १०८ किंवा ११२ त्याच्यावरूनच लावायचा. दिवसभर वाटेचा नकाशा दाखवून तो संध्याकाळी चार टक्क्यांवर आलेला असेल, तर त्या नोंदींचा काय उपयोग? कॉम्प्युटर घेतलात तरी फोन बरोबर हवाच. पडल्यावर घरी संदेश धाडणारे कॉम्प्युटर मिळतात, पण तो संदेश जातो बहुतेक वेळा तुमच्या खिशातल्या फोनमधूनच, आणि तोही रेंज असेल तर. चोर्ल्याच्या जंगलात किंवा नेत्रावळीकडे त्यावर विसंबू नका.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. नोंद ठेवण्यापुरतं बोलायचं तर त्यांचं बरोबर आहे. स्क्रीन बंद करून, झिपच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून पाठीच्या खिशात ठेवलेला फोन वाटेची नोंद उत्तम करतो. महागड्या कॉम्प्युटरला काही निराळे उपग्रह दिसत नाहीत. अमेरिकेचा जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, हेच सगळ्यांना. उलट मोबाइलच्या नेटवर्कची मदत असल्याने फोनला पहिली जागा लवकर सापडते. बॅटरी खाते ती मुख्यतः स्क्रीन. फक्त अँड्रॉइड फोन असेल तर एक बघा. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मागे चाललेलं ॲप झोपवतो, आणि मग नकाशावर डिचोलीपासून मयेपर्यंत शेतांवरून एक सरळ रेघ उमटते. सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका.

म्हणजे ताई, नोंद दोन्हीकडे होते. फरक पडतो तो चालवताना आकडा डोळ्यांसमोर लागतो की नाही याने. जो आकडा बघून तुम्ही त्याच क्षणी काही वेगळं करणार, त्याच्यासाठीच हँडलवर काहीतरी लावायचं. बाकीचे सगळे घरी जाऊन चहा घेताना बघता येतात. तुमच्या पत्रात मला असे दोन आकडे दिसले.

पहिला नाडीचा. रक्तदाबामुळे सायकल सुरू केलीत, तेव्हा मयेच्या चढावर नाडी कुठे गेली हे घरी पोचल्यावर कळून उपयोग नाही, चढावरच कळायला हवं. त्यासाठी छातीला बांधायचा पट्टा घ्या. मनगटावरचं घड्याळ हँडलच्या हादऱ्यांत आणि घामात चुकतं. आणि नाडीची कमाल मर्यादा काढायच्या २२० वजा वय या हिशोबावर जाऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुळातच खाली ठेवतात, मग तो हिशोब लागूच पडत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून किती ओलांडायची नाही तो आकडा लिहून घ्या आणि कॉम्प्युटरमध्ये त्याचा इशारा लावा.

दुसरा आकडा घड्याळाचा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला १३ तास ३० मिनिटं मिळतात, आणि त्यात चहा, पंक्चर, फाटकावर थांबणं सगळं आलं. म्हणजे थांबे धरून ताशी साधारण १५ किलोमीटर. ॲप सहसा दाखवतं ती सरासरी थांबे वगळून असते, कारण तुम्ही थांबलात की तेही थांबतं. त्या आकड्यावर नवखे हमखास फसतात. स्क्रीनवर २० दिसतंय म्हणून खुशाल अर्धा तास नाश्ता करतात आणि शेवटच्या टप्प्यात जीव तोडून पायडल मारतात. ब्रेव्हेत सुरुवातीपासूनचा एकूण वेळ आणि एकूण अंतर हे दोन आकडे समोर ठेवा. सरासरी झाकून टाकलीत तरी चालेल.

हे दोन्ही चालवताना बघायचे आहेत, पावसात बघायचे आहेत आणि दिवसभर बघायचे आहेत. म्हणून तुम्ही कॉम्प्युटर घ्या असंच मी सांगेन. पण साधा घ्या. नकाशाचा रंगीत, मोठ्या स्क्रीनचा नको. ज्याला बटणं आहेत तो बघा, ओल्या बोटांनी बटण दाबता येतं. स्क्रीन उन्हाचाच उजेड परतवणारी असावी, मग ऊन जितकं कडक तितकी ती स्वच्छ दिसते आणि बॅटरीही कमी लागते. बॅटरी सांगितलेली किमान १५ तास, २० असेल तर उत्तम. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकलेला, आपल्या पावसाला तेवढं पुरतं, मात्र चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट बसवायचं. ब्रेव्हेचे आयोजक बहुधा वाटेची जीपीएक्स फाइल देतात. ती आत भरून काळ्या रेघेवरून चालत राहता येईल एवढं पुरे. असे कॉम्प्युटर पाच-सहा हजारांपासून मिळतात. उरलेले पैसे नाडीच्या पट्ट्यावर आणि चांगल्या दिव्यांवर घाला.

पट्टा घेताना तो ब्लूटूथ आणि अँट प्लस या दोन्ही बिनतारी भाषा बोलणारा घ्या. ब्लूटूथवर पट्टा बऱ्याचदा एकाच यंत्राशी जोडला जातो. सकाळी फोनने तो आधी पकडला की कॉम्प्युटरला सापडत नाही, आणि माणूस समजतो पट्टा बिघडला. माझ्याकडे असे धडधाकट पट्टे दुरुस्तीला आलेत. अँट प्लसवर पट्टा आपला आकडा हवेत सोडत राहतो, ऐकणारे कितीही असोत.

आता तुमच्या आणि मैत्रिणीच्या चढाईचं कोडं. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

उपग्रहावरून उंची काढणं जागा काढण्यापेक्षा कठीण, कारण उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. उंचीचा आकडा त्यामुळे सारखा वरखाली डुलतो. रायबंदरचा बांध सपाट आहे, तरी नुसत्या जीपीएसची नोंद त्यावरही चढ-उतार दाखवते, आणि ॲपने ते सगळे छोटे चढ बेरजेत धरले की झाली दीडपट चढाई. काही ॲप हे टाळायला नकाशात साठवलेली जमिनीची उंची वापरतात. ते बरं, पण पुलावर कधी कधी गडबड होते. बोरीच्या पुलावरून तुम्ही जाता वरून, नकाशा उंची देतो जुवारी नदीच्या पाण्याची. तुम्ही दोघी बहुधा अशा दोन वेगवेगळ्या रीतींनी मोजताय.

तिसरी रीत हवेच्या दाबाची. चांगल्या कॉम्प्युटरमध्ये, आणि काही फोनमध्येही, बारीकसा वायुदाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबार उतरतो, आणि हे यंत्र त्याहून कितीतरी बारीक फरक टिपतं. एखाद्या वाड्यावरच्या लहानशा उंचवट्यावरूनही सायकल गेली की त्याला कळतं. चढ मोजायला यासारखं दुसरं काही नाही.

पण दाब नुसता उंचीने बदलत नाही. आपल्या उष्ण पट्ट्यात रोज पहाटे चारच्या सुमारास दाब कमी असतो आणि सकाळी दहापर्यंत दोन-तीन मिलिबार चढतो, मग दुपारी चारपर्यंत पुन्हा उतरतो. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी ही हवेची. तुम्ही पहाटे साखळीहून निघून दहाला घरी आलात की यंत्र सांगेल, तुमचं दार पहाटेपेक्षा वीसेक मीटर खाली गेलंय. यंत्र बिघडलेलं नसतं. ते दाब बरोबर मोजतंय, त्याला उंची समजतोय आपण. पावसाची मोठी सर चढून आली तरी असाच फरक पडतो. शिवाय दाब घेण्याचं छिद्र अगदी बारीक असतं, त्यात थेंब अडकला तर नोंदीत अचानक कडा उभा राहतो. टाचणी घालू नका. गोड्या पाण्याखाली धरून झटका आणि सावलीत वाळू द्या.

तेव्हा मैत्रिणीशी चढाईची तुलना सोडून द्या. तुमची तुमच्याशीच करा, तेच यंत्र, तोच रस्ता, शक्य तर तीच वेळ.

चोडणच्या फेरीबोटीचंही सांगायला हवं. नुसत्या जीपीएसवर चालणारं ॲप फेरीतलं अंतर तुमच्या पायांच्या नावावर मांडतं, कारण तुम्ही हलताय एवढंच त्याला दिसतं. मागच्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या भागाला, वेगाचा सेन्सर लावलात तर कॉम्प्युटर अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून धरतो. बोटीत चाक फिरत नाही, आकडाही हलत नाही. झाडीतल्या वळणांवरही चाकच खरं बोलतं. जीपीएस ठरावीक वेळाने बिंदू टिपून ते सरळ रेघेने जोडतो, त्यात वळणं थोडी थोडी कापली जातात.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. मडगावात घराजवळच सायकल चालवतो, पण मित्राकडे बघून जीपीएस कॉम्प्युटर मागतोय. एवढा खर्च करावा का? फोन त्याला द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे.

उत्तर : फोन न देण्याचं ठरवलंत ते चांगलं केलंत. त्याच्यासाठी वायरवाला साधा मीटर आणा, दोनेक हजारांच्या आत येतो. पुढच्या चाकाच्या आरीला एक लोहचुंबक, फोर्कला एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की आतली पत्ती क्षणभर चिकटते, एक फेरी मोजली जाते. जीपीएस नाही, रोजचं चार्जिंग नाही, बटणाएवढा सेल कितीतरी महिने चालतो. वेग, अंतर, वेळ. त्या वयात याहून जास्त काय हवं?

त्यात चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरावा लागतो. पुस्तिकेतला तक्ता बघून मोकळे होऊ नका, मुलाकडून मोजून घ्या. टायरमध्ये रोजच्याएवढी हवा भरा. टायरवर खडूची खूण करून ती बरोबर खाली आणा आणि फरशीवर तिथेच दुसरी खूण करा. मग मुलाला सायकलवर बसवून तुम्ही हँडल धरा आणि सरळ रेषेत एक पूर्ण फेरी ढकला. टायरवरची खूण परत जमिनीला लागेल तिथे तिसरी. बसवूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर जरा कमी होतो. सातशे बाय अठ्ठावीस मापाच्या मोठ्या टायरला आकडा २१३६च्या आसपास येतो. मुलाच्या लहान चाकाला त्याहून कमी येईल. वीस मिलिमीटर चुकलात तर जवळजवळ एक टक्का फरक, म्हणजे शंभर किलोमीटरमागे एक किलोमीटर. सातवीतल्या मुलाला परीघ आणि टक्केवारी यापेक्षा चांगली कुठे शिकायला मिळणार?

प्रश्न : काणकोणला असतो. नवीन फोन घेतल्यावर जुना कपाटात पडून आहे, त्यात सिम नाही. तोच हँडलला लावला तर? भिजला तरी दुःख नाही.

उत्तर : भाई, कल्पना वाईट नाही. सिमशिवायही जीपीएस चालतो, कारण उपग्रहाचा संदेश फोन नुसता ऐकतो, परत काही पाठवत नाही. वाटेचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. नेटवर्कची मदत नसल्याने पहिली जागा सापडायला वेळ लागेल, तेव्हा निघण्याआधी फोन मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं ठेवा. ॲपमध्ये घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असते, तीही लावून टाका. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर जगभरातल्या लष्करी तळांतले धावण्याचे रस्ते दिसले, तेव्हा याची बरीच चर्चा झाली होती. तुमची सायकल रोज कुठून निघते हे परक्यांना कळायचं काही कारण नाही.

माझी खरी काळजी बॅटरीची आहे. जुना फोन सपाट टेबलावर पालथा ठेवून बघा. तो हलत असेल, मागचं झाकण कुठे वर आलं असेल किंवा स्क्रीन कडेने सुटत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. असा फोन आगोंदच्या उन्हात हँडलवर तापवायचा नाही, चार्जही करायचा नाही, दाबून बसवायचा तर मुळीच नाही. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फुगलेली नसेल तर खुशाल लावा, आणि नवा फोन खिशातच राहू द्या.